चार वायूंचा डिटेक्टर: यंत्र चांगले, त्याच्यावर टाकलेला भार जास्त

तेलविहिरी, साठवण टाक्या आणि शुद्धीकरण कारखाने येथे काम करणाऱ्यांच्या छातीवर जे तळहाताएवढे यंत्र अडकवलेले असते, त्या चार वायूंच्या डिटेक्टरचे हे परीक्षण आहे. एका ठरावीक कंपनीच्या मॉडेलविषयी मी लिहीत नाही, कारण या वर्गातील नावाजलेल्या उपकरणांची आतली रचना, अलार्मचे टप्पे आणि मर्यादा जवळजवळ सारख्याच असतात. फरक पडतो तो बॅटरी, उन्हात पडदा वाचता येणे आणि सेन्सर बदलण्याची सोय यांत. ज्वलनशील वायू, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चार गोष्टी ते मोजते. यांपैकी शेवटच्या वायूला साइटवर सगळे एच-टू-एस म्हणतात, आणि हे यंत्र विकत घेण्याचे खरे कारण बहुतेक ठिकाणी तोच असतो.

या वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो हे सर्वांना माहीत असते, पण तो वास विश्वासार्ह नाही हे पुरेसे सांगितले जात नाही. हवेत एक पीपीएमपेक्षाही, म्हणजे दहा लाख भागांत एका भागापेक्षाही, कमी प्रमाण असताना नाकाला तो जाणवतो, मात्र प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वायू वाढत असताना तो निघून गेल्यासारखे वाटते. हजार पीपीएमला माणूस एक-दोन श्वासांत कोसळू शकतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे विहिरीच्या तोंडाभोवतीचे खड्डे, टाक्यांभोवतीचे बांध आणि सखल जागा येथे साचून राहतो. नाक जिथे फसते तिथे यंत्र फसत नाही, आणि या एका कामात मी त्याला पूर्ण गुण देतो. सेन्सर अर्ध्या मिनिटाच्या आत प्रतिसाद देतो. आवाज, दिवा आणि कंपन असे तिन्ही इशारे एकाच वेळी मिळतात. कॉम्प्रेसरजवळ कानात बोळे घालून काम करणाऱ्याला त्यांतले कंपनच उपयोगी पडते, त्यामुळे खरेदी करताना ते जाड जाकिटावरून जाणवते का हे तपासून घ्यावे. कारखान्यातून येताना अलार्मचे टप्पे बहुधा १० आणि १५ पीपीएमवर लावलेले असतात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था असलेल्या एसीजीआयएचने मात्र आठ तासांच्या सरासरीसाठी १ पीपीएम आणि अल्पकाळासाठी ५ पीपीएम अशी मर्यादा सुचवलेली आहे, म्हणजे पहिला अलार्म वाजेपर्यंत ही शिफारस केव्हाच ओलांडलेली असते. टप्पे खाली आणण्याची सोय यंत्रात आहे. ती वापरायची की नाही, हे कामगार ठरवत नाही.

ज्वलनशील वायूचा सेन्सर हा या यंत्राचा सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. तो पेट घेण्याच्या किमान मर्यादेची, म्हणजे एलईएलची टक्केवारी दाखवतो आणि सहसा १० टक्क्यांवर वाजतो. बहुतेक उपकरणांत हा सेन्सर उत्प्रेरकावर वायू जाळून मोजमाप करतो, त्यामुळे त्याला स्वतःलाच प्राणवायू लागतो. वाफ फार दाट झाली की आकडा वर जाऊन पुन्हा खाली येऊ शकतो आणि नेमक्या धोक्याच्या क्षणी धीर देणारा दिसू शकतो. चांगल्या उपकरणात मर्यादा ओलांडल्याची खूण पडद्यावर अडकून राहते. ज्यात ती राहत नाही ते घेऊ नये. सिलिकॉन असलेले वंगण किंवा पॉलिश जवळ वापरले तर हा सेन्सर हळूहळू निकामी होतो आणि तरीही स्वच्छ हवेत शून्यच दाखवत राहतो. म्हणूनच दररोज कामाला लागण्यापूर्वी माहीत असलेला वायू सोडून यंत्र खरोखर वाजते का हे पाहणारी बम्प टेस्ट अनिवार्य मानली जाते. ती काही सेकंदांत होते. तरीही एका साइटवर मी पाहिले ते असे की, कंपनीच्या कायम कामगारांची यंत्रे डॉकिंग स्टेशनवर, म्हणजे ही तपासणी आपोआप करणाऱ्या खाचेत ठेवून, रोज तपासली जात होती, तर ठेकेदाराची माणसे मुदत संपलेल्या कॅलिब्रेशनची (आकडे बरोबर येतात ना हे जुळवून घेण्याची), पाळीपाळीने हातोहात फिरणारी यंत्रे लावून त्याच टाकीवर चढत होती. यंत्रात दोष नव्हता, पण परीक्षण लिहिताना वापराची ही पद्धत बाजूला ठेवता येत नाही, कारण तेलउद्योगात सर्वांत जोखमीची कामे बहुधा ठेकेदाराच्याच माणसांकडे असतात.

टाकीचे झाकण उघडून हाताने पातळी मोजणे हे त्यातलेच एक काम. झाकण उघडताच दाबाखालची हायड्रोकार्बनची वाफ थेट चेहऱ्यावर येते. अमेरिकेतील ओशा आणि नायोश या सरकारी संस्थांनी २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात, २०१० ते २०१४ या काळात अशा कामात नऊ कामगार दगावल्याची नोंद आहे. या ठिकाणी चार वायूंचा डिटेक्टर काय सांगतो? प्राणवायूचा आकडा २०.९ टक्क्यांवरून अलार्मच्या १९.५ टक्क्यांपर्यंत उतरेतो जवळपास सात टक्के हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतलेली असते. वाफेचा लोट अचानक आला तर सेन्सर स्थिरावण्याआधीच माणसाचा श्वास झालेला असतो. पातळी मोजणारे स्वयंचलित साधन बसवले तर झाकण उघडावेच लागत नाही. डिटेक्टर हा त्या साधनाला पर्याय नाही, परंतु खरेदीच्या फायलीत तो पर्याय म्हणूनच बसवलेला दिसतो, कारण तो स्वस्त असतो.

२६ ऑक्टोबर २०१९ रोजी टेक्ससमधील ओडेसा येथे, तेलक्षेत्रात पाणी दाबून सोडणाऱ्या एका केंद्रावर पंपातून एच-टू-एस असलेले पाणी बाहेर आले आणि तेथे एकटाच गेलेला कामगार मरण पावला. तो परतला नाही म्हणून शोधायला आलेली त्याची पत्नीही त्याच वायूने गेली. रासायनिक दुर्घटनांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या मंडळाने कामगाराने वैयक्तिक डिटेक्टर लावलेला नव्हता याची नोंद घेतली, पण त्याचबरोबर केंद्राची स्वतःची वायूसूचक यंत्रणाही चालू स्थितीत नव्हती हे दाखवून दिले. अशा घटनांनंतर पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला जातो आणि दुसरा विसरला जातो. यंत्र छातीवर असले की जबाबदारीही तिथेच अडकवली गेली असे मानण्याची सवय व्यवस्थापनाला लागते, आणि या उत्पादनाविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

जे मोजले जात नाही त्याविषयीही लिहिले पाहिजे. कच्च्या तेलात आणि त्याच्या वाफेत बेंझिन असते, आणि ते रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरते हे निर्विवाद आहे. ओशाची बेंझिनसाठीची आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे. बेंझिनची पेट घेण्याची किमान मर्यादा सुमारे १.२ टक्के धरली तर तिचे दहा टक्के म्हणजे १,२०० पीपीएम होतात. म्हणजे समजा हवेत फक्त बेंझिनचीच वाफ असती, तर एलईएलचा अलार्म वाजेपर्यंत कामगार मर्यादेच्या हजार पटींहून अधिक प्रमाणात श्वास घेत असता. चारही आकडे हिरवे असताना वीस वर्षांनी येणारा आजार शरीरात शिरू शकतो. त्यासाठी फोटोआयनायझेशनवर, म्हणजे अतिनील प्रकाशाने वाफेचे रेणू विद्युतभारित करून मोजण्याच्या पद्धतीवर, चालणारे वेगळे उपकरण लागते, आणि त्यातही बेंझिन वेगळे ओळखणारी सोय घ्यावी लागते. डिटेक्टरच्या माहितीपत्रकात या गोष्टीचा उल्लेख सहसा बारीक अक्षरांतही नसतो.

कुंपणापलीकडच्या माणसांसाठी तर हे उत्पादन अस्तित्वातच नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये मेक्सिकोतील पोझा रिका येथे वायूतून गंधक वेगळे करणाऱ्या कारखान्यातून पहाटे एच-टू-एस सुटला, तेव्हा २२ जण मरण पावले आणि ३२० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. २३ डिसेंबर २००३ च्या रात्री चीनमधील चोंगचिंगच्या काइश्यान परगण्यात वायूची विहीर फुटली. २४३ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य आजूबाजूच्या वस्त्यांतले शेतकरी होते, आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. विहिरीवरच्या माणसाला निदान वारा कुठून वाहतो ते पाहायचे आणि आडव्या दिशेने वर चढायचे हे शिकवलेले असते. झोपलेल्या गावाला ते कोणी शिकवलेले नसते. आंबट वायूच्या, म्हणजे एच-टू-एस मिसळलेल्या नैसर्गिक वायूच्या, विहिरींभोवती स्थिर सेन्सर, भोंगे आणि गावासह केलेला सराव यांवर जो खर्च व्हायला हवा, त्याची जागा कामगारांच्या डिटेक्टरची संख्या वाढवून भरून निघत नाही.

खरेदीबाबत माझे मत असे आहे. चार वायूंचे, सेन्सर बदलता येणारे आणि नोंदी साठवणारे उपकरण घ्यावे. ठरावीक मुदतीनंतर फेकून द्यायचे एका वायूचे यंत्र पाहुण्यांपुरते ठीक आहे. ज्वलनशील वायूचा सेन्सर मिथेनऐवजी पेंटेनच्या मापाने लावून घ्यावा, कारण टाकीवरची वाफ मिथेनपेक्षा जड असते आणि मिथेनच्या मापाने आकडा कमी दिसतो. यंत्र कमरेला नव्हे, तर नाकातोंडापासून वीतभर अंतरात, जाकिटाच्या बाहेर लावावे. ठेकेदाराच्या माणसांना तेच यंत्र आणि तीच रोजची तपासणी मिळेल हे कंत्राटातच लिहून घ्यावे. साठवलेल्या नोंदींची प्रत प्रत्येक कामगाराला दर महिन्याला मिळावी, कारण आज त्या कंपनीच्या संगणकात राहतात आणि पुढे आजारपणाची भरपाई मागताना कामगाराच्या हाती एकही आकडा नसतो. मोजमापाच्या अचूकतेसाठी मी या उपकरणाला पाचपैकी चार गुण देईन. ते ज्या पद्धतीने विकले आणि वाटले जाते, त्यासाठी दोन.