मॉरिशसची ‘साऊथ टूर’: पाहुण्यांबरोबर पुन्हा पुन्हा केल्यानंतरचं मत

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही काही महिने मॉरिशसला, एबेन या शहरात राहिलो. परदेशात घर आहे म्हटल्यावर पाहुणे येणारच, आणि आलेल्या प्रत्येकाला दक्षिण भागाची एका दिवसाची सहल हवीच असते. त्यामुळे ही सहल मी मोठ्या बसमधून केली, दहा-बारा जणांच्या व्हॅनमधून केली, स्वतंत्र गाडी घेऊनही केली. डिसेंबरच्या घामात केली आणि जुलैच्या गारठ्यातही केली. एकदाच जाऊन आलेल्या माणसाचं मत बरंचसं त्या दिवशीच्या पावसावर आणि जेवणावर ठरतं. वारंवार गेल्यावर दिसतं की ठिकाणं तीच असतात, दिवस चांगला किंवा वाईट जातो तो ड्रायव्हरमुळे. म्हणून कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन ड्रायव्हरांबरोबर मला जमीन-अस्मानाचा फरक दिसलाय.

यादी सगळ्यांची साधारण सारखीच. मधल्या पठारावरच्या क्युरपीप शहरातलं त्रू ओ सर्फ हे ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती, रमचा कारखाना, आणि वेळ उरलाच तर ल मॉर्नचा किनारा. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण साधारण पासष्ट किलोमीटर. त्यामुळे नकाशा बघून वाटतं की एवढं तर दुपारपर्यंत उरकेल. उरकत नाही. मधल्या पठारावरचे रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, आणि शेअरिंगच्या गाडीत पहिला तास-दीड तास हॉटेलाहॉटेलातून माणसं गोळा करण्यातच जातो. उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला उतरला असाल तर सकाळी राजधानी पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमधून दक्षिणेकडे यावं लागतं, तो वेळ वेगळा.

मोठी बस तर नकोच. प्रत्येक थांब्यावर चाळीस माणसं उतरायची, चाळीस जणांचे फोटो व्हायचे, त्यातले दोघं हरवायचे. व्हॅन बरी. पण चौघं-पाच जण असाल, आणि त्यात कुणी साठीच्या पुढचं असेल, तर स्वतंत्र गाडीच घ्या. तिचे पैसे माणशी वाटले की व्हॅनपेक्षा फार जास्त पडत नाहीत. बुक करताना भाव युरोत सांगतात की तिथल्या रुपयात, हे मात्र नीट विचारून घ्या. मॉरिशसचाही रुपयाच आहे आणि तो आपल्या रुपयाला भारी पडतो. आमचे सासरे दोन दिवस ‘अरे, इथे सगळं किती स्वस्त’ म्हणत होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला.

आता तक्रार आधीच उरकते. बहुतेक टूरच्या सकाळच्या भागात क्युरपीप-फ्लोरेआलमधली दुकानं घुसवलेली असतात. लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारी कार्यशाळा आणि त्याच्या जोडीला ‘टॅक्स-फ्री’ शोरूम. जहाजांचं काम खरोखर बघण्यासारखं आहे, जुन्या नकाशांवरून एकेक फळी आणि दोर बसवत कारागीर बसलेले असतात. पण दहा मिनिटांत ते बघून होतं, आणि गाडी थांबते पाऊण तास. ड्रायव्हरला तिथे कमिशन मिळतं हे उघड गुपित आहे, त्याबद्दल माझी त्याच्यावर खुन्नस नाही. पण तो पाऊण तास शेवटी ल मॉर्नमधून कापला जातो. एका मोठ्या बसच्या टूरमध्ये आम्ही संध्याकाळी ल मॉर्नला पोहोचलो तेव्हा सूर्य बुडत आला होता आणि गाईड ‘पाच मिनिटं फक्त’ म्हणून ओरडत होता. नंतर स्वतंत्र गाडी घेताना पहिलंच वाक्य माझं असायचं: दुकान एकही नको. एकानेही वाद घातला नाही.

हवामानाचं गणित कळलं की अर्धी सहल जिंकली. वारे बहुतेक वेळ आग्नेयेकडून येतात, मधल्या पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिम किनाऱ्याला जाईपर्यंत कोरडे होतात. त्यामुळे फ्लिक आँ फ्लाकला कडक ऊन आणि त्याच वेळी क्युरपीपला धुकं, हे रोजचंच. त्रू ओ सर्फ ६०५ मीटरवर आहे. ढग नसेल तर विवराच्या काठावरून मोका आणि पोर्ट लुईच्या डोंगररांगा दिसतात, असेल तर समोरची रेलिंगसुद्धा दिसत नाही. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा, आणि ‘समुद्राचं बेट’ म्हणून बिनबाह्यांचे कपडे घालून आलेली मंडळी या काठावर अक्षरशः कुडकुडताना मी पाहिली आहेत. पातळ जॅकेट घ्याच. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, वादळांची शक्यता असते. तेव्हा वादळाच्या इशाऱ्याची पातळी वाढत गेली की सगळं बंद होतं, म्हणून सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

गंगा तलावाबद्दल आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही, तरी एक सांगते. घाईघाईत आलेल्या गाडीतून तिथे दिसतो तो फक्त पुतळा. मंगल महादेवाची ती मूर्ती ३३ मीटर उंच आहे, २००७ साली उभारलेली, वडोदऱ्याच्या सुरसागर तलावातल्या मूर्तीवरून घेतलेली. समोर तेवढ्याच उंचीची दुर्गा. फोटो काढून लोक गाडीत बसतात आणि तलाव राहूनच जातो. तो पुढे, खाली आहे. तोही जुन्या विवरातच साठलेला. चांगला ड्रायव्हर तिथपर्यंत चालत घेऊन जातो आणि गोष्ट सांगतो: १८९७ मध्ये त्रियोले गावातल्या एका पुजाऱ्याला स्वप्नात या तलावाचं पाणी गंगेला मिळालेलं दिसलं, पुढच्या वर्षी माणसं पायी चालत इथे आली, आणि १९७२ मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल यात ओतलं गेलं. महाशिवरात्रीला आजही बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक सजवलेल्या कावडी घेऊन चालत येतात. त्या आठवड्यात ही सहल बुक करू नका. रस्ते चालणाऱ्यांचे असतात, आणि ते असायलाच हवेत. ज्यांना यात्राच बघायची आहे त्यांनी गाडी लांब ठेवून त्यांच्याबरोबर चालावं. आणि हो, प्रसादाची केळी हातात उघडी धरू नका. तिथली माकडं मूळची बेटावरची नाहीत, शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतून आलेली आहेत, पण मालकी हक्क पूर्ण गाजवतात.

पुढचा टप्पा माझा सगळ्यात आवडता, आणि टूरवाले सगळ्यात कमी वेळ देतात तो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये जाहीर झालं. व्ह्यू पॉइंटवरून दरी, लांब धबधबा आणि पश्चिमेचा समुद्र एका नजरेत येतो. दरीत लांब शेपटीचे पांढरे पक्षी तरंगत असतात, एअर मॉरिशसच्या चिन्हात आहे तोच पक्षी. इथेच जंगलात मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा आहे. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे फक्त चार पक्षी शिल्लक होते, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडत सोडत तो वाचवला. कायमच्या नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या बेटावर ही गोष्ट सांगणारा गाईड मिळाला तर समजा पैसे वसूल. बहुतेक जण डोडोचं कीचेन कुठे मिळतं ते सांगतात. हंगामात तिथे मीठ-तिखट लावलेले छोटे लाल पेरू विकतात, फार छान लागतात. या पेरूच्या झाडांनी मूळचं जंगल गिळायला घेतलंय, त्यामुळे मी ते पोटभर आणि निर्धास्त मनाने खायचे.

सात रंगांच्या मातीबद्दल अपेक्षा आधीच खाली आणा. जागा जेमतेम दोन एकरांची, भोवती कठडा, आत पाऊल टाकता येत नाही. सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, “एवढंच?” ब्रोशरमधले फोटो रंग चढवलेले असतात. ढगाळ दिवशी सगळं तांबूस-तपकिरी दिसतं. पण नऊ-साडेनऊच्या तिरप्या उन्हात जांभळट, निळसर पट्टे खरोखर उठून दिसतात. बेसॉल्टचा लाव्हा उष्ण-दमट हवेत कुजत गेला, त्यातलं सिलिका पाण्याबरोबर वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, त्यांचे हे रंग. पाऊस एवढा पडतो तरी टेकड्या फारशा झिजत नाहीत, हे मला रंगांपेक्षा जास्त नवलाचं वाटतं. म्हणून शक्य असेल तर ड्रायव्हरला क्रम उलटा करायला सांगा: आधी शामारेल, मग वर पठारावर. सगळ्या बस पठारावरून सुरू करून दुपारी शामारेलला एकदमच धडकतात. उलट्या क्रमाने गेलो तेव्हा त्याच जागेला आई “काय सुंदर आहे गं” म्हणाली होती. धबधबा त्याच आवारात, आधी लागतो. तो उन्हावर अवलंबून नाही, कधीही गेलात तरी बघण्यासारखाच. मोठी कासवंही आहेत, मुलं तिथून हलत नाहीत.

रमच्या कारखान्यात ताज्या उसाच्या रसापासून रम कशी करतात ते दाखवतात आणि शेवटी चव देतात. ज्यांना त्यात रस नाही त्यांना तिथे काहीच नाही. त्याऐवजी मी उसाच्या रानात गाडी थांबवायला सांगायचे. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ते कुणी मुद्दाम बांधलेले नाहीत. नांगराखाली जमीन यावी म्हणून मजुरांनी हातांनी वेचून रचलेला बेसॉल्ट आहे तो. १८३४ पासून करारावर आलेल्या मजुरांत कोकणातलेही होते. आजही तिथे मराठी शाळेत शिकवतात आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या एका ड्रायव्हरची आजी मराठी घरातली होती. त्याला स्वतःला मराठी फारसं येत नव्हतं, पण आरती पाठ होती. आई आणि मावशी मागच्या सीटवरून सुरू झाल्या आणि तो स्टिअरिंगवर ताल धरत पूर्ण म्हणाला. हे कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटरचा, थेट समुद्रातून उठलेला. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत लपत, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा पकडायला आलेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. हे ऐकल्यावर किनाऱ्यावर सेल्फी काढणाऱ्यांचा आवाज थोडा कमी होतो. आणि ‘समुद्राखालचा धबधबा’ किनाऱ्यावरून दिसत नाही. प्रत्येक पाहुण्याने तो फोटो मला मोबाइलवर दाखवला आहे. खोल उतारावरून घसरणाऱ्या वाळूमुळे तसा भास होतो, आणि तोही फक्त हेलिकॉप्टर किंवा विमानातूनच. टूरच्या जाहिरातीत तो फोटो असेल तर एवढ्यावरूनच दुसरी टूर शोधा.

जेवण ‘समाविष्ट’ असेल तर शाकाहारी असल्याचं बुक करतानाच लेखी कळवा. आयत्या वेळी नूडल्समधून चिकन वेचून काढून देतात. मी जेवण वगळून घ्यायचे आणि रस्त्यावरच्या गाडीवर डाळपुरी खायचे. पुरणपोळीतला गूळ काढून आत झणझणीत चटणी घातली तर काय होईल, तसा प्रकार, आणि पोट भरतं.

उत्तरेच्या सहलीचे पैसे मात्र देऊ नका. पोर्ट लुईला आता क्युरपीपहून, एबेनहूनही मेट्रोने जाता येतं. मजूर जिथे उतरायचे ते आप्रवासी घाट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे गाईडच्या घड्याळाशिवाय गेलेलं केव्हाही चांगलं. पांप्लमूसच्या वनस्पती उद्यानाला बस जाते.

बुक करण्याआधी ड्रायव्हरशी फोनवर पाच मिनिटं बोला. गप्पिष्ट वाटला, हिंदी-इंग्लिश दोन्ही जमत असेल आणि ‘दुकान नको’ म्हटल्यावर हसला, तर घ्या. शामारेलच्या रस्त्यावर गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर पुढची सीट त्याच फोनवर मागून ठेवा. व्हॅनमध्ये ती पहिल्या हॉटेलवरच कुणीतरी पटकावतं.