हेग ब्लू की स्टिफकी ब्लू?

इंग्लंडमधील डॉर्सेटच्या फॅरो अँड बॉल या कंपनीचे हेग ब्लू (क्रमांक 30) आणि स्टिफकी ब्लू (क्रमांक 281) हे दोन गडद निळे रंग शेडकार्डावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. आमच्या लंडनच्या घरातील उत्तराभिमुख अभ्यासिकेसाठी निवड करताना मी दोन्हींचे नमुना-डबे आणले आणि थेट भिंतीवर न लावता मोठ्या पांढऱ्या कागदांवर दोन-दोन हात देऊन ते कागद खोलीभर फिरवत राहिलो.

फरक तेव्हाच उलगडला. हेग ब्लूमध्ये हिरवट झाक आहे, त्यामुळे उत्तरेच्या थंड उजेडात तो मोरपिसाच्या गडद भागासारखा गंभीर होतो आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ काळा वाटतो. नॉरफोकमधील स्टिफकीच्या किनाऱ्यावरील निळसर चिखलावरून नाव मिळालेला दुसरा रंग मात्र शाईच्या अधिक जवळचा, किंचित जांभळट आणि दिव्याखालीही आपले निळेपण राखणारा आहे. (चिखलाचे नाव भिंतीला देण्याची कल्पना आईला अजिबात रुचली नाही.)

माझे मत स्टिफकीच्या बाजूने पडले, कारण या खोलीचा वापर मुख्यतः रात्री होतो; सागवानी कपाटे आणि भरपूर ऊन असलेल्या खोलीत मी हेग ब्लूच निवडला असता. कंपनीच्या भिंतीच्या रंगांच्या प्रकारांपैकी केवळ 2 टक्के चमक असलेले इस्टेट इमल्शन दिसायला अधिक देखणे आहे, पण हात लागणाऱ्या भिंतींसाठी 7 टक्के चमकेचे, पुसता येणारे मॉडर्न इमल्शन घ्यावे आणि खाली गडद अंडरकोट (रंगाआधीचा अस्तराचा थर) द्यावा.