नागपूरच्या डिलिव्हरीवाल्या भावांनो, ऑइलचा डबा उलटा करून वाचा

मी पार्सल डिलिव्हरी करतो. मानेवाड्याहून सकाळी निघालो की धंतोली, सीताबर्डी, सदर, मग जरीपटका नाहीतर पार वाडीपर्यंत, जिथलं पार्सल तिथं, रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज होतात. गाडी १२५ सीसीची, २०१५ ची, हप्ते फेडून झालेली, आणि घर तिच्यावरच चालतं. हे आधी सांगतो कारण जे लोक महिन्याला तीन हजार किलोमीटर गाडी पळवतात त्यांना जवळपास दर महिन्याला ऑइल बदलावं लागतं, आणि नेमके तिथेच आपण सापडतो. चांगलं ऑइल साडेचारशेच्या आसपास जातं, अशात कोणी १९० रुपयांत लिटरचा डबा हातात ठेवला तर माणूस घेतोच, मी पण घेतला, एकदा नाही, चारदा.

दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून. स्पेअर पार्टचं जुनं दुकान आहे, गर्दी असते, काउंटरवरचा माणूस गोड बोलतो. जानेवारी २०२४ मध्ये क्लच वायर घ्यायला गेलो तर त्यानंच विचारलं, "ऑइल कोणतं टाकता भाऊ?" मी सांगितलं. तो म्हणाला, "काहून एवढे पैसे घालवून राहिले? हे घ्या, सगळे हेच नेऊन राहिले." डब्यावर समोर रेसिंग बाईकचा फोटो, मोठ्या अक्षरात फोर स्ट्रोक, २०डब्ल्यू-४०, लाँग लाइफ. नकली ऑइलचं ऐकून होतो, की कबाडातून चांगल्या कंपनीचे रिकामे डबे उचलतात आणि त्यात जळकं ऑइल गाळून भरतात, म्हणून मी सील नीट पाहिलं, झाकणाची रिंग पाहिली, सगळं पक्कं होतं. मला वाटलं झालं, ओरिजिनल आहे.

फेब्रुवारीत दुसरा डबा, मार्चमध्ये तिसरा. मार्चपासूनच गिअर कडक पडायला लागला, सिग्नलवर न्यूट्रल सापडेना, पण मी म्हटलं गाडी जुनी होऊन राहिली. एप्रिलमध्ये चौथा डबा टाकला. त्यानंतर टॅपेटचा आवाज सुरू झाला, शिलाई मशीनसारखा टक टक टक, आणि पुलावर चढताना रेस द्यायचो तर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही, म्हणजे क्लच घसरत होता. मागून एक पोरगा ओरडून सांगून गेला, भाऊ धूर मारून राहिली तुमची गाडी. निळा धूर. मे महिन्यात, पारा ४५ वर, दुपारी दोनच्या सुमारास छत्रपती चौकाच्या सिग्नलवर गाडी बंद पडली आणि किक खाली जाईना. पिस्टन धरलं होतं, म्हणजे आत जाम होऊन बसलं होतं. बॅगेत अकरा पार्सलं होती, ती एका मित्राला बोलावून त्याच्या हवाली केली आणि त्या उन्हात मी गाडी ढकलत नेली.

आमचे मिस्त्री म्हातारे आहेत, चाळीस वर्षं गाड्या खोलतात. त्यांनी हेडचं कव्हर उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. ऑइल नव्हतंच ते, कढईच्या बुडाला जळून चिकटलेल्या गुळासारखा काळा थर होता, बोटाला दोरीसारखा ताणत होता. कॅमवर नख फिरवलं तर खड्डे लागत होते. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळीत, उभ्या रेघा. क्लच प्लेटा जळून काळ्या. ते एवढंच म्हणाले, "काय टाकून राहिला होता बे यात?"

बोअर-पिस्टन, कॅम, रॉकर, क्लच प्लेटा, लेथचं काम, मजुरी धरून साडेआठ हजार झाले. तेरा दिवस गाडी उभी. तेरा दिवसांचा धंदा गेला तो वेगळाच. चार डब्यांत मी वाचवले होते हजार रुपये.

आता डब्याची गोष्ट. माझ्या गाडीत ९०० मिली ऑइल लागतं, प्रत्येक डब्यात थोडं उरायचं, ते मी चेनला टाकायला ठेवायचो, म्हणून शेवटचा डबा घरात होता. मिस्त्रींनी तो आणायला लावला, चष्मा लावून मागची बाजू वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, एपीआय एससी/सीसी. मला काही समजलं नाही. त्यांनी समजावलं ते जसंच्या तसं सांगतो कारण हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

२०डब्ल्यू-४० वगैरे जे असतं ते फक्त जाडी, ऑइल किती घट्ट किती पातळ. दर्जा वेगळा. तो अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, अक्षरांवरून कळतो. एसनं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी, सीनं सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं ए पासून लांब तितकं ऑइल नव्या दर्जाचं. एसए म्हणजे ज्यात काहीच केमिकल मिसळलेलं नाही, ते १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना चालत नाही असं एपीआय स्वतः सांगते. एसबी १९५१ पर्यंतचं. आणि एससी, जे मी चार महिने टाकत होतो, ते १९६७ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांसाठी योग्य नाही, असं त्यांच्या तक्त्यात सरळ लिहिलं आहे. १९६७! माझी गाडी २०१५ ची. एसएन हा दर्जा २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये. माझ्या गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३०, एसएल किंवा त्याच्या वरचं, आणि जॅसो एमए असं छापलेलं होतं, ते पुस्तक गाडी घेतल्यापासून सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

जॅसो एमए हे पण लक्षात ठेवा. कारमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच वेगवेगळे असतात, बाईकमध्ये एकच ऑइल तिन्हीकडे फिरतं, क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. म्हणून बाईकच्या ऑइलसाठी जपानचा हा वेगळा दर्जा आहे, एमए किंवा एमए२ असेल तर क्लच घसरत नाही. एमबी हे स्कूटरसारख्या गाड्यांचं. माझ्या डब्यावर जॅसोचं नावच नव्हतं, फक्त बाईकचा फोटो होता.

घरी येऊन मी डबा पुन्हा पाहिला तेव्हा आणखी एक दिसलं. किंमत आणि तारखेच्या जागी पांढरं स्टिकर होतं, त्यावर ०९/२३, आणि स्टिकरची एक कड जरा उचललेली. आईनं खोबरेल तेल लावून ठेवलं, दहा मिनिटांनी अंगठ्यानं हळूहळू ते सरकवलं, आणि खाली छापलेली मूळ तारीख निघाली, ०३/१६. आठ वर्षं जुना माल. खालची एमआरपी पण वेगळी, कमी. जुन्या एमआरपीवर जास्त किमतीचं स्टिकर मारायला पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वजनमापाचे नियम परवानगी देत नाहीत, किंमत कमी केली तरच स्टिकर चालतं आणि तेही मूळ छापील किंमत न झाकता.

डबा घेऊन दुकानात गेलो. त्यानं जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. "भाऊ, ऑइल काय खराब होते का? जमिनीखाली लाखो वर्षं पडून राहते, अन् तुमच्या डब्यात आठ वर्षांत खराब झालं म्हणता?" दुकानातले चार लोक हसले. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देतो. जमिनीखालून निघतं ते कच्चं तेल, इंजिन ऑइल नाही. इंजिन ऑइलात झीज थांबवणारं, काजळी धरून ठेवणारं, गरमीत ऑइल जळू न देणारं केमिकल मिसळलेलं असतं आणि इंजिनाचा जीव त्याच्यावर असतो. बंद डबा साधारण चार-पाच वर्षं चांगला राहतो, तोही नीट ठेवला तर, नंतर हे केमिकल खाली बसायला लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाच्या शेडखालच्या गोडाऊनमध्ये आठ उन्हाळे काढलेल्या डब्याचं काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा.

मग तो म्हणाला, "डब्यावर लिहिलं आहे ना एससी, मी काय लपवलं?" याचाच मला जास्त राग आला. कारण हे नकली ऑइल नव्हतं. डब्यात तेच होतं जे मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. पण समोर आजच्या बाईकचा फोटो लावायचा, तोंडानं सांगायचं तुमच्या गाडीलाच आहे, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात साठ वर्षांपूर्वीचा दर्जा लिहून हात वर करायचे, ही फसवणूक नाही तर काय आहे? अमेरिकेतसुद्धा स्वस्त वस्तूंच्या एका मोठ्या दुकानसाखळीवर याचसाठी केस झाली होती, असंच जुन्या दर्जाचं ऑइल चांगल्या ऑइलशेजारी मांडून विकलं म्हणून, आणि शेवटी कंपनीला पैसे देऊन तडजोड करावी लागली.

माझ्याकडे बिल नव्हतं. चारही वेळा त्यानं कागदाच्या चिठोऱ्यावर "ऑइल १, १९०" लिहून दिलं होतं, आणि तेही मी फेकलं. पण पैसे फोनवरून दिले होते, त्यामुळे चारही पेमेंट तारीख, वेळ आणि दुकानाच्या खात्याच्या नावासकट दिसत होते. आधी १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रार नोंदवून नंबर दिला. पण ते दोन्ही बाजूंना बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करतात, निकाल देऊ शकत नाहीत. डब्यावरच्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर बंद, दुकानदार म्हणे हा डबा माझ्या दुकानातला कशावरून. तेव्हा माझ्या मावसभावानं दुकानात जाऊन तसाच डबा घेतला आणि या वेळी पक्कं बिल मागितलं. आधी नाही म्हणाला, मग जीएसटी लावतो म्हणाला, ठीक आहे लावा म्हटलं. तो डबा आम्ही उघडला नाही.

जिल्हा ग्राहक आयोग सिव्हिल लाईन्सला आहे. लोक घाबरतात की वकील लागेल, फी लागेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे, वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिथं आपण राहतो किंवा काम करतो तिथं तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. मी तेव्हा ई-दाखिल या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन केली, आता त्याच्या जागी ई-जागृती आलं आहे. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे मला माहीतच नव्हतं. गरज पडली तर आयोग डब्याचा नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, त्याची फी मात्र तक्रारदाराला आधी भरावी लागू शकते. स्टिकरची तक्रार वेगळी, ती वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमाप खात्याकडे, दिली, फोटोसकट.

आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्या वकिलानं पहिल्याच उत्तरात लिहिलं की हा माणूस गाडी धंद्यासाठी वापरतो म्हणून हा ग्राहकच नाही. वाचून माझे हातपाय गार पडले, वाटलं संपलं सगळं. पण त्याच कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखाली खुलासा आहे की जो माणूस स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरतो त्याचा तो वापर व्यापारी धरायचा नाही. म्हणजे आपण ग्राहक आहोत. ऑटोवाले, घरोघरी दूध घालणारे, भाजीचा टेम्पो चालवणारे, सगळे. हा मुद्दा कोणी अंगावर टाकला तर गप्प बसू नका.

पांढरं स्टिकर लावलेला, मागे एससी किंवा एसडी, एसई, एसएफ लिहिलेला डबा तुमच्या घरी पडला असेल तर तो गाडीत टाकू नका आणि फेकूही नका. स्टिकर काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, पेमेंटचा स्क्रीनशॉट शोधून ठेवा. याच दुकानातून घेतलेले आणखी दोघं मला भेटले आहेत, एक शाळेची व्हॅन चालवतो, दुसरा माझ्यासारखाच पार्सलवाला. दोघांनीही शपथपत्र द्यायची तयारी दाखवली आहे.

पुढची तारीख पडली आहे. न उघडलेला डबा आईच्या कपाटात ठेवला आहे, बिल त्याला रबरानं बांधून.