'द मार्व्हल्स': अनास्था नक्की कशाबद्दल?

'द मार्व्हल्स' 10 नोव्हेंबर 2023 रोजी चित्रपटगृहांत आला आणि कुणाच्या फारसे लक्षात येण्याआधी निघूनही गेला. 2019 साली आलेल्या 'कॅप्टन मार्व्हल'ने जगभरात सुमारे 113 कोटी डॉलर मिळवले होते. त्याच नायिकेला घेऊन काढलेल्या या पुढच्या भागाला जेमतेम 20.6 कोटी डॉलर मिळाले आणि मार्व्हलच्या 2008 पासून चालत आलेल्या सुपरहीरो चित्रपटमालिकेतील सर्वांत कमी कमाईचा चित्रपट अशी त्याची नोंद झाली. नायिका तीन, खलनायकाच्या जागीही स्त्रीच आणि दिग्दर्शन निया डाकोस्टा यांचे, त्यामुळे या आपटीचा अर्थ लावायला दोन गट लगेच कंबर कसून उभे राहिले. एका गटाच्या मते प्रेक्षकांना स्त्री सुपरहीरो मुळातच नको आहे. दुसऱ्याच्या मते ज्याला चित्रपट आवडला नाही तो स्त्रीद्वेष्टाच असला पाहिजे. आता जिओहॉटस्टारवर हा चित्रपट निवांतपणे पाहता येतो, आणि तो पाहिल्यावर मला असे वाटते की प्रेक्षकांच्या या अनास्थेचे मूळ नायिकांपेक्षा त्यांना आपल्यासमोर ज्या तऱ्हेने आणले गेले त्या तऱ्हेत आहे.

कथेची मूळ कल्पना मजेदार आहे. अंतराळात एकटी भटकणारी कॅरल डॅन्व्हर्स, म्हणजेच कॅप्टन मार्व्हल (ब्री लार्सन), शास्त्रज्ञ-अंतराळवीर मोनिका रॅम्बो (टेयोना पॅरिस) आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे आईवडिलांसोबत राहणारी पाकिस्तानी वंशाची शाळकरी कमला खान (इमान वेलानी) या तिघींच्या शक्ती एकमेकींत गुंततात, आणि त्यांनी एकाच वेळी शक्ती वापरली की त्यांच्या जागांची अदलाबदल होते. पहिल्याच हाणामारीत या कल्पनेचे चीज झाले आहे. अंतराळस्थानकावर सुरू झालेला ठोसा दुसऱ्या ग्रहावर जाऊन लागतो, आणि परग्रहावरचे सैनिक खान कुटुंबाच्या दिवाणखान्यात येऊन कोसळतात. तिथे छत फुटते, फर्निचरचा चुराडा होतो, घरची मंडळी हाती लागेल त्या वस्तूनिशी लढाईत उतरतात, आणि या सगळ्या गदारोळात कोण कुठून कुठे गेले हे प्रेक्षकाला एकदाही विचारावे लागत नाही. इतक्या गुंतागुंतीच्या दृश्याचे संकलन इतके स्वच्छ असणे ही साधी गोष्ट नाही. कमलाची आई मुनीबा यांच्या भूमिकेत मूळच्या मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ आहेत, तर वडील युसुफ झाले आहेत मोहन कपूर; नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'साँप सीढी' पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येतील. लेकीने जग वाचवायला हरकत नाही, पण ती कुणासोबत जाते आहे आणि परत केव्हा येणार ते आधी कळले पाहिजे, ही मुनीबांची भूमिका आपल्याकडच्या कोणत्याही घरात शोभेल अशी आहे.

कमलाची शक्ती पणजीकडून आलेल्या एका कड्यामुळे जागी होते. अकार्यक्षम अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणे हा महाराष्ट्रात आजही निषेधाचा सर्वमान्य प्रकार आहे, आणि अनेकदा महिला आघाड्याच तो हौसेने करतात. त्या आपल्या सवयीच्या पार्श्वभूमीवर, विश्व हादरवणारी वस्तू बाईच्या मनगटावरचा दागिना असावा आणि कुणालाही त्यात काही कमीपणा वाटू नये, हे पाहताना बरे वाटते.

चित्रपटातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग मात्र विनोदी नाही. स्क्रल या परग्रहवासी निर्वासितांच्या वसाहतीवरची हवाच खलनायिकेकडून खेचून घेतली जात असते, पळून जाण्यासाठी जहाजे अपुरी असतात, आणि कॅरल उरलेल्यांना मागे सोडून निघण्याचा निर्णय घेते. जिची चित्रे काढत, जिच्या गोष्टी रचत कमला लहानाची मोठी झाली, तीच कॅरल आता जेवढे वाचवता येतील तेवढेच वाचवू असे सांगते, तेव्हा कमलाच्या चेहऱ्यावर राग नसतो, अविश्वास असतो. इमान वेलानी हे एकही वाक्य न बोलता दाखवते. आदर्श मानलेल्या बाईचे माणूसपण एका मुलीला प्रथमच दिसणे, ही गोष्ट पुरुष सुपरहीरोंच्या चित्रपटांत क्वचितच पाहायला मिळते. दुर्दैव असे की पटकथा तिथे मिनिटभरही थांबायला तयार नाही. पुढच्याच टप्प्यात आपण गाण्यातून बोलणाऱ्या लोकांच्या ग्रहावर पोहोचतो, तिथल्या राजपुत्राशी कॅरलचा नावापुरता विवाह झालेला असतो, नाचगाणे होते, आणि मघाचे दुःख कुठल्या कुठे जाते. अंतराळस्थानकावरच्या माणसांना मांजरासारख्या दिसणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्यांची पिल्ले गिळून सुरक्षित नेतात हा प्रसंग मात्र इतका बिनधास्त वेडगळ आहे की तो मी नाखुशीने का होईना पण मान्य केला.

एकूण लांबी 105 मिनिटे, म्हणजे मालिकेतील सर्वांत छोटा चित्रपट. ही आटोपशीरता गुण ठरली असती, पण इथे ती कापाकापीची खूण वाटते. याचा सर्वाधिक फटका खलनायिका डार-बेनला बसला आहे. कॅरलने मागे केलेल्या एका कृत्याने हिच्या ग्रहावर यादवी माजली, तिथली हवा, पाणी आणि सूर्यही संपत आला, आणि तिच्या लोकांनी कॅरलला संहारक ठरवले. म्हणजे नायिकेच्या पराक्रमाची किंमत दुसऱ्या कुणी मोजली आहे, आणि ती दुसरी आता हिशेब मागते आहे. एवढा भक्कम संघर्ष हाताशी असताना झावी ॲश्टनला दात-ओठ खाण्यापलीकडे काही करायला दिलेले नाही, आणि कॅरलच्या अपराधभावाचा निकाल शेवटी इतक्या घाईत लावला आहे की हे तिने आधीच का केले नाही, असा प्रश्न सुज्ञ प्रेक्षकाला पडावा.

स्त्रीचित्रणाच्या बाबतीत चित्रपट नेमके काय करतो, हे या वादात फारसे कुणी पाहिलेच नाही. 2004 च्या 'कॅटवुमन'मध्ये हॅली बेरीसारख्या ऑस्करविजेत्या अभिनेत्रीला चामड्याच्या तोकड्या पोशाखात फिरवले होते आणि तिचा लढा होता चेहऱ्याला लावायच्या घातक क्रीमच्या कंपनीशी. 'द मार्व्हल्स'मध्ये कॅमेरा शरीरांवर रेंगाळत नाही, प्रेमकथेची फोडणी नाही, तिघी आपसात पुरुषांबद्दल बोलत बसत नाहीत, आणि आपण स्त्रिया असूनही हे करून दाखवले असे भाषणही कुणी ठोकत नाही. स्त्रीवादाचा डोस पाजला अशी तक्रार करणाऱ्यांनी हा चित्रपट पाहिला असण्याची शक्यता मला कमी वाटते.

तरीही पहिल्या गटाचा दावा एकदा नीट तपासायला हवा, कारण तो प्रेक्षकांच्या आधी निर्मात्यांच्या तोंडी होता. मार्व्हलचे तेव्हाचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांनी 2014 साली सोनीच्या प्रमुखांना पाठवलेला एक ईमेल पुढे उघड झाला. त्यात 'इलेक्ट्रा', 'कॅटवुमन' आणि 'सुपरगर्ल' ही नावे नायिकाप्रधान चित्रपट कसे बुडतात याचे दाखले म्हणून दिली होती. तीन वाईट चित्रपटांवरून निम्म्या मानवजातीबद्दल काढलेला हा निष्कर्ष बराच काळ व्यवसायाचे धोरण म्हणून वावरला. मार्व्हलचा एकट्या नायिकेच्या नावावर निघालेला पहिला चित्रपट 'कॅप्टन मार्व्हल', आणि तो मालिकेतील 21वा होता. त्याला मुहूर्तही महिला दिनाचा लाभला, हे ओघाने आलेच. 2010 पासून दिसत असलेल्या मार्व्हलच्याच ब्लॅक विडो या नायिकेला स्वतःचा चित्रपट मिळाला तो 2021 मध्ये, म्हणजे मुख्य कथेत तिचा मृत्यू होऊन गेल्यावर. दरम्यान 2017 च्या 'वंडर वुमन'ने 80 कोटी डॉलरहून अधिक कमावून तो सिद्धांत मोडीत काढलाच होता. आणि 2023 मध्येच आलेल्या दुसऱ्या 'शझॅम!'ने 'द मार्व्हल्स'पेक्षाही कमी गल्ला जमवला, पण पुरुष सुपरहीरो आता चालत नाहीत असे त्यावरून कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पुरुषाचा चित्रपट पडला की तो एकटा पडतो, आणि बाईचा पडला की तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्याजणी पडल्या असे धरले जाते. हा दुटप्पीपणा खरा आहे आणि त्याबद्दलचा संतापही रास्त आहे.

दुसऱ्या गटाशी माझे मतभेद आहेत ते इथून पुढे. 'कॅप्टन मार्व्हल' येण्याआधीच त्याच्याविरुद्ध संकेतस्थळांवर संघटित राळ उडवली गेली. चित्रपटांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वीच प्रेक्षकांची उत्सुकता नोंदवण्याची सोय बंद केली ती त्याच सुमारास, फेब्रुवारी 2019 मध्ये. इतक्या विरोधानंतरही चित्रपट शंभर कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. तेव्हा द्वेष करणारे आहेत, बोलघेवडे आहेत, पण तिकीटबारी बंद पाडण्याएवढी ताकद त्यांच्यात नाही. 'द मार्व्हल्स'कडे पाठ फिरवणाऱ्यांत त्यांच्याहून कितीतरी मोठी संख्या अशा लोकांची असावी, ज्यांना याबद्दल राग-लोभ काहीच नव्हता. हॉलिवूडमधील अभिनेत्यांचा संप चित्रपटाच्या आदल्या दिवशी मिटला, त्यामुळे प्रदर्शनापूर्वी कलाकारांना प्रसिद्धी जवळजवळ करताच आली नाही. आपल्याकडे तर ऐन दिवाळीत, दोनच दिवसांनी 'टायगर 3' आला. मार्व्हलची मालकी असलेल्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी नंतर सेटवर वरिष्ठांची देखरेख कमी पडल्याचे सांगितले. दिग्दर्शिकेचे नाव न घेता तिच्या पदरी दोषाचे माप घालण्याची ही रीत कॉर्पोरेट जगात नवी नाही.

खरी अडचण गृहपाठाची आहे. मोनिकाला शक्ती कशी मिळाली हे 'वांडाव्हिजन' या वेबमालिकेत, कमला कोण हे 'मिस मार्व्हल' या वेबमालिकेत, गुप्तहेरप्रमुख निक फ्युरी अंतराळात काय करतो याचा धागा आणखी तिसऱ्याच मालिकेत. तीनपैकी दोन नायिकांची ओळख वर्गणी भरून ओटीटीवर करून घ्या आणि मग तिकीट काढा, असे सांगितल्यावर सामान्य कुटुंब काय करणार? हाही चित्रपट लवकरच घरी येईल म्हणून थांबणार, आणि तसेच झाले. आयर्न मॅनला 2008 मध्ये स्वतःचा चित्रपट मिळाला होता, तोही कोऱ्या पाटीवर. मोनिका आणि कमला यांना मोठ्या पडद्यावर तशी एकट्याने संधीच मिळालेली नाही, आणि प्रतिनिधित्वाच्या वादात ही विषमता सर्वांत आधी मांडायला हवी होती. त्याऐवजी स्त्रियांनी पाठिंबा म्हणून चित्रपट पाहावा, असे आवाहन होत राहिले. तिकीट म्हणजे देणगी नव्हे. त्याच वर्षी 'बार्बी' 140 कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी आपल्याकडे सहा बहिणी आणि मंगळागौर एवढ्या भांडवलावर 'बाईपण भारी देवा' वर्षातील सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट ठरला, आणि बायका नटूनथटून, गटागटाने चित्रपटगृहांत गेल्या त्या कुणाचे कर्तव्य बजावायला नव्हे.

नायिका आणि सुपरहीरो हे समीकरण चालत नाही असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी ऑगस्ट 2025 मध्ये आलेला मल्याळम 'लोका' पाहावा. केरळच्या नीली या यक्षिणीच्या दंतकथेला बंगळुरूच्या रात्रींत आणून बसवणाऱ्या, कल्याणी प्रियदर्शनने पेललेल्या या चित्रपटाने जगभरात 300 कोटी रुपयांचा टप्पा गाठला. त्यातली नायिका कोण आहे हे कळायला आधीचे काहीही पाहावे लागत नाही, आणि तिचे रहस्य उलगडण्यासाठी चित्रपट हवा तेवढा वेळ घेतो.

'द मार्व्हल्स'ला मी पाचपैकी अडीच गुण देईन. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर सुट्टीच्या दुपारी तो जरूर लावावा. हिंसा जुजबी आहे, हिंदी आवृत्तीही आहे, पण खान कुटुंबाच्या इंग्रजीत मिसळलेल्या उर्दूची गंमत मूळ आवृत्तीतच येते. आधी 'मिस मार्व्हल'चे सहा भाग पाहून घ्यावेत, त्यातही फाळणीच्या रात्रीच्या रेल्वेस्थानकाचा भाग चुकवू नये, कारण कमलाच्या मनगटावरचे ते कडे कुठून आले हे तिथे कळते आणि तो भाग या चित्रपटातील कोणत्याही लढाईपेक्षा सरस आहे. बाकीचा गृहपाठ न करता बसलात तरी चालेल. मोनिकाची पूर्वकथा चित्रपट स्वतःच घाईघाईने दोन-चार वाक्यांत सांगून मोकळा होतो.