कन्स्ट्रक्टरमध्ये किमती कुठे भराव्यात: इनिशियलायझर लिस्टमध्ये की बॉडीत?

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्टच्या मेंबरांना, म्हणजे त्यातल्या माहितीच्या घटकांना, सुरुवातीच्या किमती कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या) बॉडीत बरोबरचे चिन्ह वापरून देता येतात, किंवा महिरपी कंस उघडण्याआधी कोलन देऊन इनिशियलायझर लिस्टमध्ये लिहिता येतात. नुसते पूर्णांक असतील तर दोन्हींत व्यवहारात फरक पडत नाही. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर साठवणारा मेंबर मात्र बॉडी सुरू होण्याआधीच रिकामा तयार झालेला असतो आणि बॉडीत त्याला दुसऱ्यांदा किंमत मिळते. लिस्टमध्ये तो एकदाच, हव्या त्या किमतीसह तयार होतो. कॉन्स्ट (न बदलणाऱ्या) आणि रेफरन्स (दुसऱ्या व्हेरिएबलचे पर्यायी नाव असलेल्या) मेंबरांना तर बॉडीत सुरुवातीची किंमत देताच येत नाही.

खरा निकाल इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासवरून (ऑब्जेक्टच्या आराखड्यावरून) दुसरा क्लास बनवताना लागतो. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानासाठी गुळाच्या सौद्यांचा प्रोग्राम लिहायचा आहे असे धरू. ‘माल’ या बेस (मूळ) क्लासचा एकमेव कन्स्ट्रक्टर शेतकऱ्याचे नाव आणि दर मागतो, आणि ‘गूळ’ हा त्याचा डिराइव्ह्ड, म्हणजे त्यावरून बनवलेला क्लास आहे. ‘गूळ’ची बॉडी सुरू होण्यापूर्वी ‘माल’ पूर्ण बांधून झालेला असावा लागतो. म्हणून नाव आणि दर लिस्टमधूनच वर पाठवावे लागतात, नाहीतर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. बॉडीत ‘माल’चा कन्स्ट्रक्टर बोलावला, तर त्यातून वेगळाच तात्पुरता ऑब्जेक्ट तयार होतो, हे नवशिक्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

लिस्टमध्ये एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. मेंबर लिस्टमधल्या क्रमाने नव्हे, तर क्लासमध्ये जाहीर केलेल्या क्रमाने तयार होतात. समजा, ‘गूळ’ क्लासमध्ये एकूण वजन आधी आणि रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या नंतर जाहीर केली, आणि लिस्टमध्ये आधी संख्या भरून तिच्यावरून वजन काढले, तर वजनाचा हिशेब संख्या भरण्याआधीच होतो आणि हाती गार्बेज व्हॅल्यू, म्हणजे निरर्थक आकडा येतो. जीसीसी या कंपाइलरमध्ये ‘डब्ल्यू-ऑल’ (-Wall) हा पर्याय चालू ठेवल्यास अशा उलट क्रमाची सूचना मिळते.

त्यामुळे माझी शिफारस लिस्टचीच आहे, मात्र लिस्टचा क्रम जाहीर केलेल्या क्रमाशी जुळवून घ्यावा. नेहमी सारख्याच राहणाऱ्या किमती सी प्लस प्लसच्या 2011 च्या प्रमाणापासून (स्टँडर्डपासून) थेट जाहीर करतानाच देता येतात. बॉडी तपासणीसाठी राखावी: रव्यांची संख्या ऋण आली, तर तिथे एक्सेप्शन (चूक कळवणारा इशारा) द्यावे.