संत्र्याला मायकोरायझा घालावा की ट्रायकोडर्मा?

कृषी केंद्रात दोन्ही पुड्या शेजारीशेजारी असतात, दोन्हींवर 'जैविक' छापलेलं असतं. कोणती घेऊ विचारलं की दुकानदार म्हणतो, दोन्ही न्या. दोन्ही बुरशीच, पण कामं वेगळी.

मायकोरायझा (जुने लोक व्हॅम म्हणतात) पांढऱ्या मुळीच्या आत शिरतो आणि मातीत धागे सोडतो. झाडाची साखर खातो, बदल्यात स्फुरद आणि जस्त आणून देतो. संत्र्याच्या मुळांवर केसमुळं कमी आणि आखूड, त्यामुळे या झाडाला त्याची गरज जास्त. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असूनही अडकून बसतं, तिथे तर विशेष. पण तो जिवंत मुळीशिवाय वाढत नाही. म्हणून लागवडीच्या वेळी खड्ड्यात, मुळांना लागेल असा टाकायचा. दहा वर्षांच्या झाडाखाली वरवर फेकून फार काही हाती लागत नाही. शिवाय डीएपीचा (स्फुरदाच्या रासायनिक खताचा) मारा असेल तर झाडच त्याला थारा देत नाही.

ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशांशी भांडतो. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज असलेल्या बागेत माझी पसंती त्यालाच. किलोभर पावडर 100 किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत पोत्याखाली झाकून ठेवा. पंधरा दिवसांत ढिगावर पांढरी जाळी आणि तिच्यावर हिरवी भुकटी दिसली की समजा जमलं. मायकोरायझा असा घरी वाढवता येत नाही, त्यामुळे खर्चातही ट्रायकोडर्मा परवडतो. पण आळ्यात पाणी साचत असेल तर आधी चर काढा. खोडाला बोर्डो पेस्टही (मोरचूद-चुन्याचा लेप) चुकवू नका.

एका वर्षी मी ट्रायकोडर्माचं शेणखत टाकलं आणि आठवड्याभरात घाईघाईने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली (बुंध्याशी ओतलं). स्वतःच पेरलेलं स्वतःच मारलं. आता मध्ये पंधरा-वीस दिवस सोडतो.

नवी लागवड असेल आणि एकाचेच पैसे असतील, तर मी मायकोरायझा घेईन, त्यातही रोपवाटिकेची माती निर्जंतुक केलेली असेल तर नक्कीच, कारण तिच्यातला मूळचा मायकोरायझाही मेलेला असतो. उन्हात तापलेली आणि मुदत संपत आलेली पुडी मात्र दोन्हींपैकी कुठलीच घेऊ नका, सवलत कितीही असो.