वाळवीवाल्याचे ‘फक्त आठ रुपये’ 24,499 ला पडले

आधी आकडे. तपासणी फी 499 रुपये, ‘ट्रीटमेंट’ 24,000 रुपये, एकूण 24,499. त्या बदल्यात घराखाली गेलेलं औषध साडेसात मिली. खोकल्याच्या औषधाचे दीड चमचे म्हणा. हिशेब खाली आहे, तपासून बघा.

कोकणातलं तळमजल्याचं घर, जांभ्याचं जोतं, आत सातशे स्क्वेअर फूट. फोनवर दर विचारला तर उत्तर आलं, “फक्त आठ रुपये, सर.” वाळवीचा दर स्क्वेअर फुटावर सांगतात हे ऐकून माहीत, म्हणून 5,600 रुपये असं मनातच धरलं. आठ रुपये कशाचे, एवढा एक शब्द विचारला नाही. ते मिलीचे होते. 180 भोकं, प्रत्येकात सिरिंजने 20 मिली, म्हणजे 3,600 मिली. गुणिले आठ, 28,800 रुपये. “जीएसटीचं बिल नको असेल तर चोवीस करून देतो.” आणि आम्हाला वाटलं, घासाघीस करून 4,800 वाचवले!

शिकलेली माणसं अशी कशी फसतात, असं आता म्हणणं सोपं आहे. बिल हातात येतं तेव्हा 180 भोकं पाडून झालेली असतात, किचनच्या ट्रॉल्या अंगणात असतात, घरभर धूळ असते आणि समोरचा म्हणत असतो की पैसे पटत नसतील तर भोकं अशीच उघडी टाकून जातो. टी-शर्टवर नाव, गळ्यात ओळखपत्र, टॅबवर वाळवीचे फोटो. संशय घ्यायचा कुठे? दर आधी कळला असता तर दारातूनच परत पाठवला असता. म्हणूनच तो आधी कळू देत नाहीत.

आता साडेसात मिलीचं गणित. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असल्याचं त्यांनीच सांगितलं. त्याचं प्रमाण लिटरभर पाण्याला 2.1 मिली. 3.6 लिटर मिश्रणात ते बसतं 7.56 मिली, बाकी नळाचं पाणी. म्हणजे जवळजवळ 6,670 रुपये लिटरने आम्ही आमचंच पाणी विकत घेतलं. तेही डब्यात खरंच इमिडाक्लोप्रिड होतं असं धरून, कारण मिश्रण गाडीतूनच तयार करून आणलं होतं. सीलबंद डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख वाचता आली पाहिजे, पाण्यात तुमच्या डोळ्यांदेखत मोजून पडलं पाहिजे. वासावर जाऊ नका. इमिडाक्लोप्रिडला जवळजवळ वास नसतो. क्लोरपायरीफॉस 20 टक्के असेल तर एक लिटरला 19 लिटर पाणी लागतं आणि घर दोन दिवस घमघमतं, पण नुसत्या वासाने काहीच सिद्ध होत नाही.

बांधून झालेल्या घराचं काम कसं करायचं ते भारतीय मानक आयएस 6313 च्या तिसऱ्या भागात लिहिलेलं आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे 12 मिलिमीटरची भोकं, साधारण फुटाफुटावर, खालच्या मातीपर्यंत पोचणारी, आणि भोकाला एक लिटरपर्यंत मिश्रण. आमच्या 180 भोकांना 180 लिटर लागलं असतं. पाठीवरचा 16 लिटरचा पंप अकरा-बारा वेळा भरायला हवा होता. तो पंप गाडीतून खाली उतरलाच नाही. चौकटींना वेगळी, बारीक, तिरकी भोकं पाडायची असतात, लाकूड पिईल तेवढं पाजायचं. सागाच्या चौकटीतही वाळवी आधी बाहेरचं पांढरं लाकूड धरते, आतला गाभा बराच टिकतो. चौकटींवर यांनी नुसता ब्रश फिरवला.

आणि तो क्षण. आजही आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ड्रिलचा बिट प्रत्येक भोकातून बाहेर येत होता. टाइलची पांढरी पूड, मग सिमेंटची करडी, आणि बस्स. करडीवरच तो पुढच्या भोकाकडे सरकायचा. फरशीच्या कडेने करड्या धुळीच्या छोट्या छोट्या ढिगांची रांग लागली होती. कोकणातलं घर, खाली तांबडा मुरूम, आणि 180 ढिगांत तांबडा कण नाही! बिट सहा इंची, त्यातला दीड इंच ड्रिलच्या पकडीत (चकमध्ये). टाइल, खालचा मॉर्टर आणि काँक्रीट मिळून साडेसहा इंचांचा थर, तिथे साडेचार इंचांचं भोक. औषध मातीत गेलंच नाही, काँक्रीटमध्ये जिरलं. हे सगळं डोळ्यांसमोर चालू होतं आणि आम्ही चहा टाकत होतो. घड्याळही सांगत होतं. दोन माणसांनी एक तास चाळीस मिनिटांत उरकलं. नीट करायचं तर दिवस जातो.

खर्च कशावर ठरतो हे माहीत असतं तर पहिल्याच फोनला पकडलं असतं. स्क्वेअर फूट ही फक्त बोलायची सोय. खरा खर्च भिंतींच्या रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर: सातशे फुटांच्या एका हॉलपेक्षा सातशे फुटांच्या चार खोल्यांत भिंती जास्त, भोकं जास्त, औषध जास्त. मग फरशी कसली (ग्रॅनाइटला वेळ लागतो, बिट झिजतात), बाहेरून जोत्यालगतची माती मोकळी आहे की पेव्हर ब्लॉक उचलावे लागणार, लाकूडकाम किती, आणि कुठे ओल आहे का. गळका पाइप तसाच ठेवून औषध मारणं म्हणजे पैसे गटारात. जांभा सच्छिद्र, त्याचं जोतं औषध जास्त पितं. विहीर जवळ असेल तर त्या बाजूच्या जमिनीत औषध सोडू देऊ नका, तो कितीही ‘हर्बल’ म्हणाला तरी.

वाळवीच आहे ना, हेही बघा. भिंतीवर मातीच्या नळ्या असतील तर ती जमिनीतून येणारी. लाकडातून खसखशीसारखे कोरडे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली, तिला फरशीची भोकं काय करणार? मैद्यासारखी पूड आणि टाचणीएवढी छिद्रं असतील तर तो भुंगा, वाळवी नव्हेच. तिन्हींना एकच इलाज सांगणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा स्लॅब ड्रिल करू देऊ नका. खाली माती नाही, शेजाऱ्याचं छत आहे. तिथे वाळवी डक्टमधून आणि चौकटीमागून चढते.

काम मार्चमध्ये झालं. जूनमध्ये सिंकखालच्या ट्रॉलीमागे, वाळवीच्या जुन्या मातीच्या नळीपासून हातभर अंतरावर, नवी नळी. बोटभर तुकडा फोडून ठेवला, तिसऱ्या दिवशी ओल्या मातीने बुजवलेला. फोन केला तर म्हणे, “मरायला बाहेर येतेय, सर.” हे औषध सावकाश काम करतं, काही आठवडे हालचाल दिसू शकते, हे खरं. तीन महिने? ‘सात वर्षांची वॉरंटी’ असं छापलेल्या कागदावर औषधाचं नाव नाही, प्रमाण नाही, लिटर नाहीत, परवाना क्रमांक नाही. मागे बारीक अक्षरांत, दर वर्षी 2,999 भरून तपासणी केली तरच वॉरंटी लागू. मग नंबर बंद.

तक्रारीचं तर बोलूच नका. पोलीस ठाण्यात सांगितलं, तुम्ही स्वतः यूपीआय केलंय, ही दिवाणी बाब आहे. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेलेले, कंपनीच्या नाही, हे दाखवलं तर म्हणाले, मग कंपनीविरुद्ध तक्रार कशी घेणार? एका कार्यालयात ऐकवलं की आमच्याकडे शेतीच्या औषधांचं असतं, घरातलं नाही. दुसऱ्या कार्यालयात डासांची फवारणी बघणारा माणूस होता, तो मनापासून वाईट वाटून घेऊन म्हणाला की आमच्याही घरी वाळवी आहे. कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे, त्यात पेस्ट कंट्रोलवाल्याला परवाना सक्तीचा. कायदा पन्नास वर्षं जुना झाला आणि टेबलापलीकडच्या माणसाला तो आम्ही वाचून दाखवायचा! एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, सतरा दिवसांनी मेसेज आला, ‘समोरील पक्षाचा प्रतिसाद नाही, प्रकरण बंद.’ प्रतिसाद मिळाला असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण बिल नसलं की बाजू लंगडी पडते. ते आम्ही 4,800 वाचवायला सोडून दिलं होतं. पक्कं बिल घ्या, 18 टक्के भरा, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, फुकट दिसतो.

जुलैत दुसऱ्याला बोलावलं. परवान्याची प्रत न मागता दाखवली, टेपने भिंती मोजल्या आणि कागदावर लिहून दिलं: 180 भोकं, 180 लिटर, औषधाचं नाव, प्रमाण, 14,500 अधिक जीएसटी 2,610, एकूण 17,110. आणि सिंकखालची गळती काढल्याशिवाय काम घेणार नाही म्हणाला. प्लंबरचे 650 गेले. मग तो आला, व्हाइट सिमेंटची बुचं फोडली आणि त्याच भोकांतून बारा इंची बिट खाली घातला. सातव्या इंचाला तांबडी माती वर आली.